पाचशे डॉलर आहेत: उमेदवाराला द्यावेत, पॅकला की 'स्वतंत्र' समितीला?

हा हिशोब कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांसाठी आहे. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असेल तरच पुढे वाचा. एच-१बी व्हिसावर असाल तर राज्याच्या निवडणुकीतही देणगी देणं बेकायदा आहे. करसवलत मात्र कुणालाच नाही.

थेट उमेदवाराला देणं सगळ्यात सरळ. असेंब्ली किंवा राज्य सिनेटच्या उमेदवाराला २०२५-२६ मध्ये एका निवडणुकीमागे ५,९०० डॉलरच देता येतात, म्हणून तुमच्या पाचशेला वजन राहतं. टेक्ससमध्ये आमदारकीसाठी व्यक्तीच्या देणगीला कमाल मर्यादाच नाही, तिथे ते विरघळून जातात.

पॅक (पोलिटिकल ॲक्शन कमिटी) म्हणजे राजकारणासाठी वर्गणी गोळा करणारं मंडळ. पैसे तुमचे, पण कोणाला द्यायचे हे ते ठरवणार. एखाद्या विषयावर तुमचं ठाम मत असेल आणि उमेदवार निवडायला वेळ नसेल, तर सोयीचं. पण मंडळाचा जमाखर्च बघितल्याशिवाय आपण गणपतीची वर्गणी तरी देतो का? 'कॅल-ॲक्सेस' या राज्याच्या निवडणूक-निधीच्या संकेतस्थळावर पॅकचा फॉर्म ४६०, म्हणजे जमाखर्चाचं विवरण, उघडा आणि जमेची बाजू सोडून थेट शेड्यूल ई, म्हणजे खर्च, वाचा. 'सीएनएस' म्हणजे सल्लागार, 'एफएनडी' म्हणजे निधी जमवण्याचे कार्यक्रम, 'एसएएल' म्हणजे पगार. उमेदवारांपर्यंत पोचलेल्या पैशापेक्षा यांचीच बेरीज मोठी दिसली, तर ते मंडळ मांडवासाठीच जगतंय. मी तिथे एक डॉलरही देणार नाही.

'स्वतंत्र' समित्या उमेदवाराला पैसे न देता त्याच्या बाजूने किंवा विरोधात स्वतःच प्रचारावर खर्च करतात. त्यांना देणगीची मर्यादा नाही. अट एवढीच, की उमेदवाराशी संगनमत नको. जनमताच्या प्रस्तावांसाठीही मर्यादा नाही. ॲपवरच्या चालकांना कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार ठरवणाऱ्या २०२० च्या प्रस्ताव २२ साठी उबर, लिफ्ट, डोरडॅश वगैरेंनी मिळून २० कोटी डॉलरहून अधिक ओतले आणि तो मंजूरही झाला. त्या रांगेत आपले पाचशे कुठे? अर्थात पैसा दरवेळी जिंकतोच असं नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर घालूनही मुख्य निवडणुकीआधीच्या प्राथमिक फेरीत तिसरे आले.

माझा कौल उमेदवाराला, आणि तोही प्राथमिक फेरीआधी. एक लक्षात ठेवा: वर्षभरात एका समितीला (उमेदवाराचीही समितीच असते) दिलेली रक्कम शंभर डॉलर किंवा त्याहून जास्त झाली, की तुमचं नाव, व्यवसाय आणि नोकरीचं ठिकाण जाहीर नोंदीत येतं. ऑफिसात चर्चा नको असेल तर ९९ वर थांबा.