आठ महिने मायक्रोबिट वापरून सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग शिकवल्यावर

आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. आधी वर्षभर मी नुसतं स्क्रीनवरच कोडिंग घेत होते, ते वाईट नाही पण तिथे 10 म्हटलं की 10 च असतात. सेन्सर, म्हणजे प्रकाश, हालचाल वगैरे मोजणारा भाग, तसा वागत नाही, आकडा सारखा हलत राहतो, आणि मला विचाराल तर मुलं खरी शिकतात ती तिथेच.

ज्यांनी मायक्रोबिट पाहिला नसेल त्यांच्यासाठी, हा साधारण 4 बाय 5 सेंमीचा बोर्ड, बीबीसीने 2016 मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना फुकट वाटला होता. 25 एलईडी, 2 बटणं, हालचाल, दिशा, प्रकाश, तापमान सगळं बोर्डावरच. मेककोड या कोडिंगच्या वेबसाइटवर ब्लॉक जोडायचे आणि फाइल पेनड्राइव्हवर टाकतो तशी टाकायची, पहिल्या तासाला प्रोग्रॅम चालतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते पावलं मोजायच्या प्रोजेक्टने. बोर्ड स्थिर असला की ॲक्सिलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) 1000 च्या आसपास दाखवतो, म्हणून मुलांनी लिहिलं, 1500 च्या वर गेलं की एक पाऊल वाढव. एक मुलगा 10 पावलं चालला आणि स्क्रीनवर 43! सगळे म्हणाले बोर्ड खराब आहे. मी काहीच सांगितलं नाही, फक्त आकडे कॉम्प्युटरवर ग्राफमध्ये बघायला लावले, आणि मग त्यांनाच दिसलं की एका पावलात आकडा थोडा वेळ वरच राहतो आणि तेवढ्यात लूप, म्हणजे तेच तेच पुन्हा तपासणारा कोड, चार-पाच वेळा फिरून जातं. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आधी खाली येऊ दे, मगच पुढचं मोजायचं." व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमने एखादी गोष्ट लक्षात ठेवायची जागा, कशाला लागतो हे मी वर्षभर सांगत होते, त्या दिवशी हे पाऊल मोजून झालंय हे लक्षात ठेवायला त्यांना तो हवा होता म्हणून त्यांनी बनवला.

अंधार पडला की लागणारा दिवा करतानाही तेच, प्रकाशाला 100 ची मर्यादा ठेवली तर आकडा 98, 101, 99 करतो आणि दिवा फडफडतो. मग 80 च्या खाली लाव, 120 च्या वर बंद कर असे दोन आकडे आले.

तापमानाबद्दल आधीच माहीत करून घ्या, बोर्ड प्रोसेसरच्या चिपचं तापमान मोजतो त्यामुळे खोलीपेक्षा जास्त दाखवू शकतो. मी शेजारी थर्मामीटर ठेवून फरक वजा करायला लावते, छान तास होतो.

त्रास म्हणाल तर केबलचा. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, बोर्ड चालू होतो पण कॉम्प्युटरला दिसतच नाही, माझा एक अख्खा तास त्यात गेला. मातीतला ओलावा मोजायला दोन खिळे लावले होते ते सतत करंट चालू ठेवल्यामुळे काही आठवड्यांत खराब झाले, आता रीडिंग घेतानाच करंट सोडतो. आणि दोघांत एकच बोर्ड द्या, तिघे झाले की एक जण नुसता बघत बसतो, हे मी तीनदा करून पाहिलंय.

नवीन घेणार असाल तर 2020 ची दुसरी आवृत्तीच घ्या, त्यात माइक, स्पीकर आहे आणि नोंदी बोर्डावरच साठवता येतात. आमचा एक बोर्ड सध्या खिडकीत दर 10 मिनिटांनी प्रकाश नोंदवतोय. मंगळवारी भर दुपारी आकडा एकदम का पडला यावरून वर्गात दोन गट पडलेत, एक म्हणतो ढग, दुसरा म्हणतो कुणीतरी पडदा ओढला, आणि आता पडद्यालाही सेन्सर लावायचा म्हणून दोन मुलं मागे लागलीत.