फ्रेशआरएसएस: मराठी फीड्स वाचायला स्वतःचा सर्व्हर लावावा का?

फीड म्हणजे साइटवरच्या नव्या नोंदींची आपोआप ताजी होणारी यादी. ती वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ला बंद झालं आणि पुष्कळांनी फीड वाचणंच सोडून दिलं. फीड्स मात्र होती तिथेच आहेत. वर्डप्रेसवरच्या ब्लॉगच्या पत्त्यापुढे इंग्रजीत ‘फीड’ लिहिलं की बहुतेक वेळा ते हाती लागतं. यूट्यूब चॅनेललाही असतं, पॉडकास्ट तर फीडवरच चालतो. प्रश्न असतो तो हे सगळं वाचायचं कशात. त्यावर फ्रेशआरएसएस हे सध्याचं सर्वांत भक्कम उत्तर आहे: फुकट, मुक्तस्रोत, पीएचपीत लिहिलेलं आणि आपल्याच सर्व्हरवर चालणारं.

फोनमध्ये नुसतं ॲप टाकून भागत नाही का? चार-पाच ब्लॉग वाचायचे असतील तर भागतं. पण वर्डप्रेसचं फीड मुळात शेवटच्या १० नोंदी देतं, यूट्यूबचं शेवटचे १५ व्हिडिओ. एखाद्या बातम्यांच्या साइटवर दिवसाला ४० बातम्या पडतात आणि फोनमधलं ॲप रात्री एकदाच फीड ओढतं असं धरा. आधीच्या ३० बातम्या तोवर फीडमधून खाली सरकून गेलेल्या असतात, त्या नंतर कशानेही मिळत नाहीत. बॅटरी वाचवण्यासाठी फोन पार्श्वभूमीतली ॲप्स झोपवतो, त्यामुळे हे नेहमीच होतं. जागा राहणारा सर्व्हर हवा तो यासाठी. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक पुरतो.

डॉकर (प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवायचं साधन) येत असेल तर मांडणी अर्ध्या तासाची. मात्र तीन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिलं, डेटाचं फोल्डर कंटेनरच्या बाहेर व्हॉल्यूम म्हणून जोडायलाच हवं. ते राहिलं तर आवृत्ती बदलताना कंटेनर नव्याने उभा राहतो आणि सगळी फीड्स, वाचल्याच्या सगळ्या खुणा जातात. दुसरं, क्रॉनचं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम सुरू करणाऱ्या सोयीचं, ‘क्रॉन मिन’ (CRON_MIN) हे व्हेरिएबल. त्यात ‘१३,४३’ असं (इंग्रजी अंकांत) लिहिलं की दर तासाच्या १३व्या आणि ४३व्या मिनिटाला फीड्स ताजी होतात. हे रिकामं ठेवलं तर आपोआप काहीच होत नाही, आणि ‘नवीन काही येतच नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. क्रॉन अर्ध्या तासाला लावूनही फीड तासानेच हलत असेल तर फीडच्या सेटिंगमधली किमान मुदत पाहा. ती मुळात एक तास असते. ब्लॉगसाठी तासही जास्तच घाई झाली, सहा तास ठेवा. समोरच्या छोट्या सर्व्हरवर उगाच भार टाकू नये.

तिसरा घोटाळा फोन जोडताना. फ्रेशआरएसएसचं स्वतःचं फोन ॲप नाही. ते गूगल रीडरच्या जुन्या एपीआयची (दुसऱ्या ॲप्सशी बोलायच्या सोयीची) भाषा बोलतं, त्यामुळे आयफोनवर नेटन्यूजवायर, अँड्रॉइडवर रीडड्रॉप्ससारखी ॲप्स त्याला जोडता येतात. आधी प्रमाणीकरणाच्या पानावर एपीआयला परवानगी द्यायची, मग प्रोफाइलमध्ये एपीआयचा वेगळा पासवर्ड ठरवायचा. ॲपमध्ये तोच टाकायचा, लॉगिनचा नव्हे. लॉगिनचा टाकला की ४०१ (ओळख न पटल्याचा) एरर येतो आणि माणूस तासभर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये शोधत बसतो.

डेटाबेस एकट्यासाठी एसक्यूलाइट पुरे. घरातल्या चौघांनी वापरायचं असेल तर पोस्टग्रेस घ्या.

मराठी वाचकाने सर्वांत जास्त लक्ष द्यावं ते शोधाकडे आणि गाळणीकडे. प्रत्येक फीडला गाळणी लावता येते: एका ओळीत एक शोध लिहायचा, जुळणारी नोंद आपोआप ‘वाचलेली’ होते. फक्त शीर्षकात शोधायचं तर आधी इंग्रजीत ‘इनटायटल’ आणि अपूर्णविराम (:). पण शोध अक्षरांच्या तुकड्यावर चालतो, शब्दाचं सामान्यरूप त्याला कळत नाही. ‘पाऊस’ लिहिलंत तर ‘पावसाने झोडपलं’ सुटतं. ‘पाव’ एवढंच लिहिलंत तर पावभाजी आणि पावती दोन्ही अडकतात. ‘पाऊस’ आणि ‘पावसा’ अशा दोन ओळी हव्यात. राशिभविष्य नको म्हणून ‘भविष्य’ गाळलंत तर भविष्य निर्वाह निधीची बातमीही जाते. तिथे ‘राशिभविष्य’ आणि ‘राशीभविष्य’ दोन्ही लिहा, कारण ऱ्हस्व-दीर्घ प्रत्येक संपादकाचं वेगळं.

याहून फसवं प्रकरण डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: एक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे. एसक्यूलाइटला मात्र ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे तुमच्या कीबोर्डने एक प्रकार लिहिला आणि साइटने दुसरा, तर बातमी समोर असूनही शोध रिकामा येतो. उपाय साधा आहे: ‘शेतक’ एवढंच लिहा. शेतकरी, शेतकऱ्यांना, दोन्ही प्रकारचं सगळं सापडतं. ‘ॲप’ची तीच गत, त्याचा ॲ तर तीन प्रकारे लिहिलेला आढळतो. नव्या आवृत्त्यांत रेग्युलर एक्स्प्रेशन (अनेक रूपं एकत्र पकडणारा शोधाचा साचा) चालतं. तिरप्या रेघांमध्ये ‘पाऊस|पावसा’ लिहिलं की एका ओळीत काम होतं.

फीडमध्ये दोनच ओळी येत असतील तर पूर्ण मजकूर आणायची सोय आहे. मूळ पानातल्या लेखाच्या चौकटीचा सीएसएस सिलेक्टर (पानाच्या कोडमधली ती चौकट ओळखायची खूण) द्यायचा. वर्डप्रेसवर पुष्कळदा ‘एंट्री-कंटेंट’ हा क्लास चालतो. शेजारच्या बटणाने आधी नमुना पाहा. जुन्या नोंदींवर याचा परिणाम आपसूक होत नाही, त्यासाठी लेख पुन्हा ओढायला सांगावं लागतं. आणि लेखामागे एक जादा पान उघडलं जातं, म्हणून हे मोजक्याच फीड्सना लावा. मजकूर जावास्क्रिप्टने भरणाऱ्या साइटवर हाती कोरा कागद येतो.

ज्या पानाला फीडच नाही, उदाहरणार्थ एखाद्या कार्यालयाचं सूचनांचं पान, त्याचंही एक्सपाथने (पानाच्या कोडमधल्या भागापर्यंतचा मार्ग लिहायच्या भाषेने) फीड करता येतं. फ्रेशआरएसएसचा हा भाग खरोखर मोलाचा आहे. आधी एका नोंदीची चौकट कोणती ते सांगायचं, मग त्या चौकटीच्या आतलं शीर्षक, दुवा, तारीख. आतला मार्ग दोन तिरप्या रेघांनी सुरू केला तर शोध पुन्हा अख्ख्या पानावर जातो आणि प्रत्येक नोंदीला पहिल्याच नोंदीचं शीर्षक चिकटतं. त्या रेघांआधी एक टिंब द्यायचं.

तारखेचा सापळा आणखी वेगळा. तिरपी रेघ घालून लिहिलेली ०५/०८/२०२४ ही तारीख पीएचपी अमेरिकी पद्धतीने वाचतं, म्हणजे ५ ऑगस्टची सूचना ८ मेची होते. १३ तारखेपासून पुढे तर ती वाचलीच जात नाही. आडवी छोटी रेघ असेल तर दिवस आधी धरला जातो. म्हणून तारखेचा साचा त्याच्या वेगळ्या रकान्यात स्पष्ट लिहा. पानावर तारीख देवनागरी अंकांत असेल तर एक्सपाथमधलं ‘ट्रान्सलेट’ फंक्शन वापरून दहाही अंक इंग्रजी करून घ्यावे लागतात. एकदा केलं की पान बदलेपर्यंत बघावं लागत नाही. पान बदललं की मात्र फीड चालेनासं होतं, तेव्हा महिन्यातून एकदा लाल खुणा आलेली फीड्स तपासा.

उणिवा आहेत. दिसायला रुक्ष, सेटिंगची पानं लांबलचक, आणि नवख्याला कुठला पर्याय कुठे आहे ते सापडत नाही. वेबसबने (साइटने नवी नोंद स्वतःहून कळवायच्या पद्धतीने) नोंद तत्काळ यावी असं वाटत असेल तर सर्व्हर इंटरनेटवर उघडा असावा लागतो. घरच्या ब्रॉडबँडवर ते सहसा जमत नाही. बाहेरून फोनवर वाचण्यापुरतं टेलस्केल (आपल्याच उपकरणांचं खासगी जाळं) पुरतं. ज्यांना फक्त स्वच्छ पान आणि वेग हवा, त्यांनी मिनिफ्लक्स पाहावं. ते हलकं आहे, पण पोस्टग्रेस लागतंच.

लावल्याच्या पहिल्याच दिवशी दोन कामं करा. संग्रहणाच्या सेटिंगमध्ये जुने लेख केव्हा पुसायचे ते ठरवा आणि न वाचलेले राखून ठेवायच्या पर्यायावर खूण करा. आणि बॅकअप डेटाच्या फोल्डरचा घ्या. ओपीएमएल या निर्यात केलेल्या फाइलमध्ये फीड्सची यादी असते, तारांकित केलेले लेख त्यात नसतात.