ब्रिस्टलचं न्यू रूम: शॉपिंगच्या मधोमध जुनं चॅपल
ब्रॉडमीडला, म्हणजे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या बाजारपेठेत, शॉपिंगला गेलात तर न्यू रूम हे चॅपल (छोटं प्रार्थनाघर) चुकवू नका, मेथडिस्टांची (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) जगातली सगळ्यात जुनी इमारत आहे, १७३९ ची, पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीने बांधून घेतलेली. चॅपल बघायला पैसे नाहीत, वर म्युझियमला तिकीट आहे पण घ्याच, कारण खरी मजा वर आहे. प्रवचनकार राहायचे त्या छोट्या छोट्या खोल्या, आणि मधे एक खिडकी, तिच्यातून थेट खाली पुलपिट (प्रवचनाचा उंच कठडा) दिसतं, म्हणजे खाली कोण काय बोलतोय यावर वेस्लीसाहेबांचं वरून लक्ष 😀

मला सगळ्यात आवडली ती वर्गणीची गोष्ट. इमारतीचं कर्ज फेडायला १७४२ मधे ठरलं की साधारण बारा जणांचा एक गट, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची, ज्याला जमत नाही त्याची गटप्रमुख भरणार. आता पेनी गोळा करायला घरोघरी जायचं म्हटलं की कळतंच ना कोण आजारी आहे, कुणाच्या घरात भांडण आहे, कोण परत दारूला लागलाय! मग हळूहळू पैसे राहिले बाजूला आणि एकमेकांची विचारपूस हेच मुख्य काम झालं. दर तिमाहीला सभासदाला सभासदत्वाचं तिकीट मिळायचं, वागणं सुधारलं नाही तर नवीन तिकीट नाही. हे मला जरा जास्तच कडक वाटलं, पण आपल्याकडे रविवारी चर्चमधे हात मिळवून "प्रभू बरं करो" म्हणून पार्किंगकडे पळणाऱ्यांपेक्षा बरंच म्हणायचं.

खाली कॅफे पण आहे. तासभर तरी हाताशी ठेवा. ५ पैकी ४.