शॅडो टॅक्टिक्स घ्यावा की डेस्पराडोज थ्री?

कमांडोज, म्हणजे पहारेकऱ्यांची नजर चुकवत आपली मोजकी माणसं वरून बघून हलवायचा जुना कॉम्प्युटर गेम, मनापासून खेळलेल्या माणसाला 'तसलं काही पुन्हा आलंच नाही' असं म्हणायची सवय असते. आलं होतं, आणि झकास आलं होतं, फक्त त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. म्युनिकच्या मिमिमी गेम्सनं २०१६ मध्ये शॅडो टॅक्टिक्स काढला आणि २०२० मध्ये डेस्पराडोज थ्री. जाणकारांनी दोन्हींचं कौतुक केलं, पण खेळणाऱ्यांच्या गप्पांत ही नावं आजही क्वचितच निघतात. नकाशा, गार्ड, त्याला कुठवर दिसतं ते दाखवणारा नजरेचा हिरवा पट्टा आणि सेव्हच्या बटणावर कायम ठेवलेलं बोट हा सगळा मामला तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. दोन्हींतला एकच घ्यायचा असेल तर कुठला, एवढंच बोलू.

खरं तर दोन्ही एकाच साच्यातले आहेत. एकीकडे एदो काळाच्या सुरुवातीचा जपान, दुसरीकडे अमेरिकेतला काउबॉयांचा मुलूख. शॅडो टॅक्टिक्समधल्या हायातोचं एकुलतं शुरिकेन, म्हणजे फेकायचं धारदार पातं, परत उचलून आणावं लागतं, तसाच डेस्पराडोजमधल्या कूपरचा सुरा. तिकडचा मुगेन साके या जपानी दारूची बाटली टाकून गार्डला जागेवरून हलवतो, तर इकडचा डॉक मॅकॉय आपली बॅग ठेवून देतो. युकी सापळा लावते, हेक्टरही लावतो, फक्त त्याचा सापळा अस्वल पकडायचा असतो आणि त्यानं त्याचं नाव बियांका ठेवलंय. शत्रूही जुळे भाऊच. तिकडे गवती टोपीवाला जागचा हलत नाही, इकडे पोंचोवाला. तिकडे सामुराईला वेषांतर ओळखू येतं आणि मुगेनशिवाय तो सहजी कुणाला दाद देत नाही. इकडे लाँगकोटवाल्याला एका घावात आडवा करायचा तर हेक्टरची कुऱ्हाडच लागते. त्यामुळे 'कशात जास्त काही आहे' या प्रश्नात मला फारसा अर्थ वाटत नाही.

वातावरणात मात्र शॅडो टॅक्टिक्स पुढे आहे, हे मोकळेपणानं कबूल करतो. बर्फातलं मिशन आठवा. आपल्या पावलांचे ठसे मागे उमटत राहतात. गार्डला ते दिसले की तो त्यांच्या मागोमाग थेट आपल्यापर्यंत चालत येतो. आधी हा ताप वाटतो. मग लक्षात येतं की मुद्दाम ठसे उमटवत झुडपापर्यंत जायचं आणि तिथंच त्याची वाट बघायची. रात्रीच्या मिशनमध्ये मशाल विझवली की गार्ड ती पुन्हा पेटवायला येतो, तो येतो तेवढ्यात आपलं काम होतं. जपानी आवाज लावून, पडद्याखालच्या भाषांतराच्या ओळी वाचत खेळलात तर आणखी मजा. गोष्टही जास्त जिव्हाळ्याची आहे, विशेषतः मुगेनची. यापुढचं सांगत नाही.

एवढं सगळं असून माझं मन डेस्पराडोजकडे झुकलं ते एका त्रासामुळं. त्रास तसा किरकोळच आहे, पण पायातल्या खड्यासारखा दर चार पावलांनी टोचतो.

दोन्ही गेममध्ये प्रत्येक माणसाला एकेक कृती आधी नेमून देता येते आणि मग एका बटणावर सगळे एकदम हलतात. या प्रकारातली सगळ्यात मोठी मौज हीच. शॅडो टॅक्टिक्समध्ये याला शॅडो मोड म्हणतात. घोळ असा की तुम्ही ही आखणी करत असताना जग थांबत नाही. समजा, दोन गार्ड एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत आणि तिसरा त्यांच्यामधून येरझारा घालतोय. हायातोला पहिला नेमून दिला, युकीला दुसरा. आता मुगेनला तिसरा दाखवायला कर्सर नेतो, तर तो केव्हाच वळून परत निघालेला. त्याची फेरी पूर्ण होईपर्यंत थांबायचं, तर तोवर युकी जिथं दबा धरून बसलीय तिथं चौथ्या कुणाची तरी नजर फिरते. सगळं रद्द, पुन्हा लोड. डोक्यातला बेत बरोबर असतो, बोटं कमी पडतात. बेत चुकल्याबद्दल हरायला माझी ना नाही. माऊस हळू फिरला म्हणून हरणं मात्र मला या जातीच्या गेममध्ये पटत नाही. त्यात शेवटचं सेव्ह करून मिनिट उलटलं की पडद्यावर आठवण होते, म्हणजे अधीरपणात भरच.

डेस्पराडोजमध्ये त्याच सोयीला शोडाउन मोड म्हणतात आणि तिथं काळ पूर्ण थांबतो. बस, एवढाच फरक. पण त्यानं खेळणंच बदलतं. मी चारही माणसांना कामं वाटतो, कॅमेरा फिरवून एकदा सगळीकडे बघतो, कुणाची नजर कुठं पोचते ते तपासतो आणि मग बटण दाबतो. फसलं तर दोष माझ्या डोक्याचा. त्यात इझाबेल आली की रंगच चढतो. ती दोन गार्डांना मंत्रानं जोडते, मग एकाचं जे होईल ते दुसऱ्याचंही होतं. मनोऱ्यावरच्या माणसाला झुडपाजवळ रेंगाळणाऱ्याशी जोडायचं आणि झुडपातल्याला गुपचूप गाठायचं, की वरचा आपोआप कोसळतो. काळ थांबत नसता तर असले उद्योग करायचा धीर मला झाला नसता, असं वाटतं.

काळ थांबला की थरार जातो, असं म्हणणारे खेळाडू आहेत आणि त्यांचं अगदीच चूक नाही. त्यांच्यासाठी सगळ्यात कठीण पातळी आहे, तिथं शोडाउन मोडमध्येही घड्याळ चालू राहतं. म्हणजे ज्याला हवं त्याला ते मिळतं. शॅडो टॅक्टिक्समध्ये ही निवडच नाही.

डेस्पराडोजची आणखी एक जमेची बाजू म्हणजे काही नकाशांत लोकांची वर्दळ असलेले भाग आहेत. तिथं उघड फिरता येतं, आधी टेहळणी करता येते. शिवाय मिशन संपल्यावर बॅरन नावाचं पात्र तेच नकाशे वेगळ्या अटींवर खेळायला लावतं, तेही चांगलं आहे. आधीचे डेस्पराडोज खेळलेले नसले तरी अडत नाही, कारण ही कूपरची त्यांच्या आधीची गोष्ट आहे.

याच स्टुडिओचा २०२३ चा शॅडो गॅम्बिटही कुणी सुचवेल. शापित चाच्यांची कल्पना भन्नाट आहे, कुठलाही गडी घेऊन कुठूनही उतरता येतं. पण त्याच त्या बेटांवर परत परत जावं लागतं आणि ज्याला जसं हवं तसं खेळू द्यायच्या नादात मिशनची घट्ट वीण सैल होते. तो तिसरा म्हणून ठीक. तो आल्यावर काही दिवसांतच स्टुडिओनं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळं या घराण्यातलं पुढचं काही त्यांच्याकडून येणार नाही.

तेव्हा एकच घेणार असाल तर मी डेस्पराडोज थ्री म्हणेन. कथेसाठी आणि जपानसाठी जीव टाकणारे असाल तर माझं ऐकू नका. दोन्ही घेणार असाल तर शॅडो टॅक्टिक्स आधी खेळा, कारण थांबलेल्या काळाची सवय लागल्यावर पुन्हा चालत्या घड्याळाकडे जाणं जड जातं. आणि शॅडो टॅक्टिक्सचाच २०२१ मध्ये स्वतंत्रपणे आलेला जोडभाग, ऐकोज चॉईस, मूळ गेम संपवल्याशिवाय उघडू नका. त्याचं कथानक मूळ गोष्टीच्या मध्येच बसतं, आधी खेळलात तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आयत्या कळून बसतील.