वाघ्याला चघळायला काय द्यावं : नऊ महिने वापरून झालेला अनुभव

आमचा कुत्रा वाघ्या तीन वर्षांचा, वजन २८ किलो. आई लॅब्रॉडोर, बाप धुळ्यात देवपुरातल्याच कुठल्यातरी गल्लीतला. डिसेंबरात त्याने एकाच आठवड्यात आबांची कोल्हापुरी, सोफ्याचा हात आणि अंगणात रचलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, अर्धा भारा फस्त केला. चपलेचं फार वाटलं नाही, पऱ्हाटीची मात्र भीती वाटली. काडी फुटली की टाळूत घुसते, आणि कपाशीवर हंगामभर किती फवारण्या होतात ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. म्हटलं, चघळायचं काहीतरी रीतसर आणू.

पहिल्यांदा आणलं ते दोन टोकांना गाठ मारलेलं पांढरं ‘हाड’. ते हाड नसतंच. जनावराच्या कातड्याचा आतला थर चुन्याने साफ करून, वळून वाळवलेला असतो. आईने हातात घेऊन पाहिलं आणि विचारलं, “हाई हाडूक शे का चप्पलना तळवा?” चौथ्या रात्री तिचंच खरं ठरलं. लाळेने भिजून त्याची लांब चिवट पट्टी झाली होती आणि वाघ्याने ती अखंड गिळायला घेतली. अर्धी घशात, अर्धी बाहेर. मी ओढून काढली, बोटाला त्याचे दोन दात लागले. सुटलो म्हणायचं. असा तुकडा पोटात गेला की फुगतो, नीट पचत नाही, आणि आतड्यात अडकला तर बहुतेकदा ऑपरेशनच करावं लागतं. उरलेली दोन पाकिटं त्याच रात्री कचऱ्यात गेली.

मग मी उलट्या टोकाची चूक केली. दुकानात जाऊन विचारलं, सगळ्यात जास्त टिकेल असं काय आहे? त्याने म्हशीचा वाळवलेला खूर काढून दिला. “दोन महिने काही होणार नाही.” खुराला खरंच काही झालं नाही. तीन आठवड्यांनी वाघ्या एकाच बाजूने खातोय असं लक्षात आलं, ओठ वर करून पाहिलं तर वरच्या मोठ्या दाढेची बाहेरची कपरी उडालेली. पशुवैद्य म्हणाले, कुत्र्याचे ४२ दात, पण कठीण वस्तूने सगळ्यात जास्त फुटते ती हीच दाढ, कारण कडक काही फोडायचं तर तो ते इथेच धरतो. नस उघडी पडली नव्हती म्हणून दाढ वाचली. पडली असती तर भूल देऊन रूट कॅनाल करावं लागलं असतं, नाहीतर दाढ काढावी लागली असती.

निघताना त्यांनी एक परीक्षा शिकवली. वस्तूवर अंगठ्याचं नख दाबायचं, थोडी तरी खूण उमटली पाहिजे. नाहीतर ती आपल्याच गुडघ्यावर आपटून बघायची. आपल्याला लागलं तर त्याच्या दाताला नको. खूर, शिंग, सांबराचं शिंग, सगळं इथेच बाद. आता दुकानात मी पाकिटावरचं काही वाचायच्या आधी नख लावतो. दुकानदार बघत राहतो, राहू दे.

घरात खरी लढाई झाली ती रविवारच्या मटणाच्या हाडांवरून. आबांचं म्हणणं, “आमना कुत्रा जलमभर हाडकंच खाये.” शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार काचा होतात, हे मी चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा पशुवैद्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा पटलं. आता हाडं गुंडाळून थेट घंटागाडीत. पावसाळ्यात दाणे खाऊन टाकलेलं मक्याचं कणीस आणि उन्हाळ्यात आंब्याची कोय, या दोन गोष्टींवरही असाच पहारा. दोन्ही आतड्यात अडकतात.

छुर्पी, म्हणजे याकच्या दुधाचं वाळवून कडक केलेलं चीज, महाग पडते आणि नखाच्या परीक्षेत ती जवळजवळ नापासच होते. वाघ्या ती फोडत नाही, दाताने खरवडत बसतो, म्हणून महिनाभर दिली. मग दाढेचं आठवून बंद केली.

आता नऊ महिन्यांत टिकलेल्या दोन गोष्टी. एक, पोकळ जाड रबरी खेळणं. मी त्यात केळं कुस्करून, दही आणि बिनमिठाचा शेंगदाण्याचा कूट भरतो आणि फ्रीजरमध्ये ठेवतो. मे महिन्यात पारा ४४ च्या वर गेलेला असताना दुपारी तो यावर पाऊण तास गार फरशीवर पडून असायचा. वीज गेली की मात्र सगळा कार्यक्रम वितळतो. तयार पीनट बटर घेणार असाल तर घटकांत झायलिटॉल नाही ना ते बघा. साखरेऐवजी घालतात ती ही गोडी कुत्र्याला विष आहे. आणि प्रेमाने भरीत भरू नका, त्यातला कांदा-लसूण त्याला चालत नाही. तोट्याची बाजू म्हणजे धुणं. आतून बाटलीच्या ब्रशने घासावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी आंबट वास.

दुसरी गोष्ट घरचीच. रताळी वाफवून अर्धा बोट जाड काप करायचे आणि गच्चीवर वाळवायचे. आईच्या कुरडया-पापडांच्या शेजारी एप्रिलभर वाघ्याचं वाळवण होतं, कावळे हाकलायचं काम भाचीकडे. चामड्यासारखे लवचिक झाले की काढायचे, कडकडीत होऊ द्यायचे नाहीत. चव त्याला इतकी आवडते की डब्याच्या झाकणाचा आवाज तो अंगणातून ओळखतो. पण एक काप तीन मिनिटांत संपतो, आणि जुलैत अर्ध्या डब्याला बुरशी आली, सगळं फेकलं. आता पावसाळ्यात फ्रीजमध्येच ठेवतो, तेही थोडे थोडे करून. वजनही बघावं लागतं. असलं वरचं खाणं दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांत बसवायचं असं पशुवैद्य म्हणाले होते, मी ते मनावर घेतलं नाही आणि जूनमध्ये वाघ्या दीड किलोने वाढला. तेव्हापासून रताळं दिलं त्या दिवशी रात्रीची अर्धी भाकरी कमी.

काहीही दिलं तरी मी समोर बसतो. अख्खं तोंडात मावेल एवढा तुकडा उरला की काढून घेतो, बदल्यात रताळ्याचा काप देतो. सुरुवातीला गुरगुरायचा. आता तुकडा स्वतःच आणून पायाशी टाकतो आणि डब्याकडे बघतो. खूर मात्र मी फेकला नाही. गच्चीचं दार वाऱ्याने आपटतं, तिथे तो अडकण म्हणून आहे. आठ महिन्यांत त्यावर ओरखडाही नाही.