‘९७ टक्के जुळतं’ म्हणजे नक्की काय? एका सिक्वेन्सिंग सेवेचा अनुभव

पाचपैकी तीन तारे देतेय. डीएनएचा क्रम वाचून देणारी ही सेवा वाईट नाही. पण तिच्या रिपोर्टवर डोळे मिटून विश्वास ठेवला असता, तर आमच्या फ्रीजमधले यीस्टचे तीन स्लँट (तिरक्या अगारवर जपलेली कल्चरं) केव्हाच नष्ट व्हायला ऑटोक्लेव्हमध्ये गेले असते, म्हणून दोन तारे कापले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशी सेवा देणारे पुष्कळ आहेत आणि हे त्यातल्या बऱ्याच जणांना लागू पडेल अशी मला दाट शंका आहे.

आधी मी काय पाठवलं ते सांगते. मी कुजक्या लाकडातली यीस्ट शोधते. बोटाने दाबलं की चुरा होणारं, आतून स्पंजासारखं ओलं, भुंग्यांच्या अळ्यांनी बोगदे पाडलेलं लाकूड. असा एक ग्रॅम चुरा मी यीस्ट वाढवायच्या २० मिलिलिटर द्रव माध्यमात टाकते. त्यात साखर म्हणून ग्लुकोज नाही, झायलोज घालते, कारण लाकडातल्या हेमिसेल्युलोजमध्ये झायलोज भरपूर असतं आणि मला ते पचवणारी मंडळी हवी असतात. ग्लुकोज ठेवलं की वाटेने जाणारा कुणीही येऊन जेवतो. बॅक्टेरिया आवरायला क्लोरॅम्फेनिकॉल, तापमान २५ अंश, शेकरवर तीन ते दहा दिवस. शेकर हलता ठेवला की बुरशीचे गोळे होतात आणि यीस्ट द्रवात विखुरलेलं राहतं, त्यामुळे पुढे वायएम अगार या घट्ट माध्यमावर स्ट्रीक करताना, म्हणजे रेघा ओढून एकेक कॉलनी सुटी करताना, निम्मी डोकेदुखी वाचते. निम्मीच.

या खटाटोपातून दोन ओंडक्यांमधून यीस्टचे तीन स्ट्रेन, म्हणजे वेगळे केलेले वाण, मिळाले. दोन एकाच ओंडक्यातले, तिसरा आठ महिन्यांनी वेगळ्या ओंडक्यातून. कॉलन्या मळकट पांढऱ्या, चमक नसलेल्या, कडेला झालर. सूक्ष्मदर्शकाखाली तिघं सख्खी भावंडं दिसत होती. प्रजाती ओळखण्यासाठी रायबोसोमल डीएनएचे दोन भाग वाचतात : डी१/डी२ आणि आयटीएस. एनएल-१ आणि एनएल-४ प्रायमर (हवा तो भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून डी१/डी२ भागाच्या प्रती वाढवल्या, आयटीएस वेगळा केला, आणि नळ्या पाठवून दिल्या.

इथपर्यंत सेवेचं कौतुकच. नळ्या कशा भराव्यात, लेबल कोणत्या शाईने लिहावं, किती डीएनए लागेल, याची सूचनापत्रिका इतकी नीट आहे की आमच्या नव्या विद्यार्थिनीनेही एकही चूक केली नाही. पाचव्या दिवशी निकाल मेलमध्ये. दोन्ही बाजूंनी वाचन केलेलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कच्च्या क्रोमॅटोग्राम फाइल, म्हणजे डीएनएच्या प्रत्येक अक्षराचं शिखर दाखवणारे आलेख, न मागता जोडलेल्या. तीनपैकी एक अख्खा तारा या फाइलींचा आहे.

मग मी रिपोर्टची पीडीएफ उघडली. रंगीत, कंपनीचा लोगो, तळाशी सही. तिन्ही नमुन्यांसमोर ठळक अक्षरांत एकच ओळ : ‘ओळख पटली – स्पाथास्पोरा पासालिडारम, ९७ टक्के’.

विद्यार्थिनी हिरमुसली. ‘मॅडम, म्हणजे जुनंच निघालं.’

नाव मोठ्या घरचं आहे, त्यामुळे तिचं हिरमुसणं समजण्यासारखं होतं. स्पाथास्पोरा पासालिडारमचं वर्णन २००६ साली झालं, लाकूड पोखरणाऱ्या पॅसालिड भुंग्याच्या आतड्यातून मिळालेल्या स्ट्रेनवरून. झायलोज आंबवून इथेनॉल करण्यात ते इतकं तरबेज आहे की जैवइंधनवाल्यांनी लगेच उचलून धरलं. नंतर ब्राझीलमध्ये अॅमेझॉनच्या जंगलातल्या कुजक्या लाकडातून याच वंशाच्या आणखी प्रजाती निघाल्या आणि २०१२ मध्ये त्यांची वर्णनं छापून आली. तेव्हा आमचा पाहुणा या घराण्यातला असणं अगदी शक्य होतं. पण घराणं एक असणं आणि माणूस तोच असणं यात फरक आहे, आणि रिपोर्ट तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला तो कळत नाही.

डी१/डी२ हा भाग साधारण ६०० बेसचा, म्हणजे डीएनएच्या ६०० अक्षरांचा. कुर्त्झमन आणि रॉबनेट या यीस्टच्या संशोधकांनी १९९८ मध्ये अॅस्कोमायसीट गटातल्या यीस्टच्या सुमारे ५०० प्रजातींचे हे सिक्वेन्स शेजारी शेजारी ठेवले आणि एक ढोबळ माप हाती आलं : तीनपर्यंत फरक असतील तर बहुधा एकच प्रजाती, सहा किंवा जास्त, म्हणजे साधारण १ टक्का, असतील तर बहुधा वेगळ्या. पासालिडारमशी ताडून पाहता आमच्या नमुन्यात ५७१ बेसमध्ये १५ बदल आणि २ गाळलेल्या जागा. आपसात मात्र तिघांत एकाही अक्षराचा फरक नाही. यीस्टच्या जगात ९७ टक्के म्हणजे ‘जुळलं’ नव्हे, ‘जुळलं नाही’. शाळेत ९७ टक्क्यांना पेढे वाटतात, तीच सवय बहुधा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला नडली.

हे मापही दगडावरची रेघ नाही, हे मला मान्य आहे. क्लाव्हिस्पोरा लुसिटानिया या यीस्टमध्ये एकाच प्रजातीच्या स्ट्रेनमध्ये या भागात भरमसाट फरक सापडतात. म्हणूनच निकाल माणसाने पाहावा लागतो. शिवाय डेटाबेसमधल्या नोंदींवर नाव टाकतो तो जमा करणारा, आणि त्यातली काही नावं साफ चुकीची असतात. तुलना टाइप स्ट्रेनच्या, म्हणजे ज्या नमुन्यावरून प्रजातीला नाव दिलं त्याच्या, सिक्वेन्सशीच करायची, हे पथ्य रिपोर्टमध्ये पाळलेलं नव्हतं. मी स्वतः ब्लास्ट या सिक्वेन्स शोधायच्या साधनात फक्त टाइप मटेरियलची खूण करून पुन्हा शोधलं. त्याला दोन मिनिटं लागली.

दुसरा तारा आयटीएसपायी गेला. तिसऱ्या स्ट्रेनचा आयटीएस ‘अयशस्वी, नमुना भेसळीचा’ असा शेरा मारून परत आला. मी फाइल उघडली. पहिले २१० बेस आरशासारखे स्वच्छ, आणि तिथून पुढे अचानक प्रत्येक जागी दोन-दोन शिखरं. उलट बाजूचं वाचनही तसंच : बरोबर त्याच जागेपर्यंत स्वच्छ, मग गोंधळ. भेसळ असती तर गोंधळ सुरुवातीपासून, विखुरलेला दिसला असता. एकाच ठिकाणापासून सुरू होणारा गोंधळ म्हणजे एकाच पेशीतल्या आयटीएसच्या प्रतींमध्ये एखाद-दुसरा बेस कमी-जास्त आहे. त्या जागेपुढे दोन ओळी एका पावलाने सरकून एकमेकींवर छापल्या जातात. रायबोसोमल डीएनएच्या कितीतरी प्रती असतात, त्यात असं होतं. मी फोन केला. मुलगा अतिशय नम्र होता. ‘मॅडम, सिस्टीमने फेल दाखवलंय, तुम्ही कल्चर शुद्ध करून परत पाठवा.’ मी म्हटलं, एकेका कॉलनीवरून तीनदा शुद्ध केलंय, तुम्ही शिखरं पाहिलीत का? शिखरं तिथे कुणीच पाहत नाही, हे त्याच्या गप्प बसण्यावरून कळलं. शेवटी आम्ही तो तुकडा क्लोन केला, म्हणजे त्याच्या एकेका प्रतीच्या सुट्या नकला केल्या, आणि क्लोन वेगवेगळे पाठवले. एका बेसचाच फरक निघाला. हे क्लोनही त्याच कंपनीने वाचून दिले आणि उत्तम वाचून दिले, हेही सांगायला हवं. यंत्रं चांगली आहेत. यंत्रापुढे बसलेलं कुणी नाही.

नवं नाव द्यायचं तर सिक्वेन्सवर भागत नाही, आणि रिपोर्ट वाचून ज्यांना दुसऱ्याच दिवशी शोधनिबंध दिसायला लागतो त्यांच्यासाठी हे लिहितेय. ओळीने नळ्या लावून यीस्ट कोणती साखर आंबवते, कोणती नुसती वापरते, सायक्लोहेक्झिमाइड हे बुरशीनाशक सोसते का, ३७ अंशांना वाढते का, जीवनसत्त्वांशिवाय जगते का, हे सगळं हाताने. यातली काही उत्तरं तिसऱ्या आठवड्यात बदलतात. आमची झायलोजची डरहॅम नळी (आंबताना सुटणारा वायू पकडणारी छोटी उलटी नळी) दहा दिवस थंड पडून होती, अकराव्या दिवशी बुडबुडा. बीजाणूंनी तर जीव खाल्ला. मॉल्ट अगार, अॅसिटेट अगार, कॉर्नमील, कशावरच काही नाही. शेवटी पातळ केलेल्या व्ही-८ अगारवर, १५ अंशांना, दुसऱ्या महिन्यात लांबट, टोकाला वाकलेला एकुलता एक बीजाणू दिसला. विद्यार्थिनी खुर्चीवरून उठलीच.

त्यापुढची कागदपत्रं सोपी, पण चुकवलीत तर नाव वैध धरलं जात नाही. २०१३ पासून मायकोबँकसारख्या मान्य नोंदणीकडून क्रमांक घेतल्याशिवाय बुरशीचं, म्हणजे यीस्टचंही, नाव प्रसिद्ध करता येत नाही. प्रजातीचं वेगळेपण सांगणारं वर्णन (डायग्नोसिस) लॅटिनमध्येच द्यायची सक्ती २०१२ पासून गेली, इंग्रजीही चालतं. होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला कायमचं जोडलं जातं तो मूळ नमुना, जिवंत स्लँट असून चालत नाही, चयापचय थांबलेल्या अवस्थेत जपलेलं कल्चर लागतं, म्हणजे फ्रीझ-ड्राय केलेलं किंवा द्रव नायट्रोजनमधलं, आणि २०१९ पासून तसं स्पष्ट लिहावंही लागतं. आम्ही कल्चर दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांकडे पाठवलं. नाव ठरलंय, पण छापून येईपर्यंत ते इथे लिहिणार नाही.

तर ही सेवा घ्यावी का? कच्च्या फाइल वाचता येत असतील तर जरूर घ्या, स्वच्छ आणि वेळेवर काम आहे. मागणीच्या फॉर्मवर ‘प्रजाती ओळख’ या चौकोनातली खूण काढा आणि फाइल स्वतः उघडा. त्यांनी पाठवलेला ‘दुरुस्त’ सिक्वेन्स वापरू नका. त्यात दोन्ही टोकांचे चांगले बेससुद्धा छाटलेले असतात आणि जिथे शंका तिथे मोठं शिखर पाहून अक्षर ठोकून दिलेलं असतं. आमचे ५७१ बेस आम्ही कच्च्या फाइलींतून जुळवलेले आहेत. त्यांच्या दुरुस्त आवृत्तीत ४८३ होते आणि १५ पैकी ४ बदल छाटणीत गेले होते. ज्यांना शिखरं वाचायची सवय नाही त्यांनी आधी ती जाणणारं माणूस शोधावं, मग नळ्या पाठवाव्यात.

मागच्या महिन्यात नव्या ओंडक्याचे बारा नमुने पाठवले. चौकोनातली खूण काढली होती, तरी रिपोर्ट आलाच. अकरा नमुन्यांपुढे ‘ओळख पटली’ आणि ९४ ते ९८ टक्के. तिकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. बाराव्यापुढे होतं ‘सॅकरोमायसिस सेरेव्हिसिये, ९९.८ टक्के’. फाइल उघडून पाहिली, शिखरं स्वच्छ, टाइपशी फरक एका बेसचा. ही पावाच्या यीस्टची ओळख मात्र बरोबर होती. शेजारच्या टेबलावर आंबवण्याचे प्रयोग चालतात, तिथूनच आलं असणार.