कॉकवाला सॅण्ड सायफन: सायनोवर जबरदस्त, डायनोवर उपयोग नाही

समुद्री टँकची वाळू साफ करायला मी रुंद पारदर्शक नळीचा, पाइपवर कॉक असलेला सायफन वापरतोय आणि सरळ सांगतो, तुमचा सॅण्ड बेड (तळाचा वाळूचा थर) 3 ते 5 सेंमीचा असेल तर हा घ्याच. साधा पाइप लावला तर बारीक अरॅगोनाइट वाळू घाणीबरोबर सरळ बादलीत जाते. इथे नळी वाळूत खुपसायची, कॉक हळूहळू उघडायचा, वाळू नळीत अर्ध्यापर्यंत उठून गरागरा फिरते आणि तपकिरी गाळ तेवढा वर निघून जातो, अगदी सुपात पाखडल्यासारखं. नळीतलं पाणी स्वच्छ दिसलं की कॉक बंद, वाळू खाली, पुढची जागा. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं सगळं त्या गाळात असतं, तेच कुजून नायट्रेट-फॉस्फेट वाढतं आणि मग दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ माजतं.

सायनोवर, म्हणजे सायनोबॅक्टेरियावर, तर हा फारच भारी. ती लालसर जांभळी चादर म्हणजे खरं तर शेवाळ नाही, बॅक्टेरिया आहेत, आणि फ्लो कमी असलेल्या कोपऱ्यात हमखास धरते. नळी कडेला नेली की अख्खा पापुद्रा सुटून आत जातो. पण नंतर वेव्हमेकरची (टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या पंपाची) दिशा बदला नाहीतर ती परत येणारच.

आता महत्त्वाचं, वाळूवर तपकिरी दिसलं की लगेच सायफन घेऊन धावू नका. नवीन टँकमधली तपकिरी पूड बहुतेक वेळा डायटम (सूक्ष्म एकपेशीय शेवाळ) असते, ती सिलिकेटवर वाढते आणि आपोआप ओसरते, फक्त आरओडीआय (आरओ आणि डीआयोनायझेशनने शुद्ध केलेलं) पाणी वापरा. चिकट धागे आणि त्यात अडकलेले बुडबुडे दिसले, रात्री कमी आणि लाइट लागले की पुन्हा हजर, तर डायनोचा, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशीय जीवांचा, संशय घ्या. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेले की डायनो फोफावतात, म्हणजे जास्त साफसफाई आणि वॉटर चेंज करून उलट त्यांनाच मदत होते! खात्री करायची तर थोडा चिकटा टँकच्या पाण्यात घेऊन जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि ते गाळलेलं पाणी उजेडात ठेवा, तासाभरात परत धागे जमले तर डायनोच समजा.

10 ते 15 सेंमीचा डीप बेड असेल तर नळी खोल घालूच नका, प्लीज. खाली ऑक्सिजन नसलेल्या थरात नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे बॅक्टेरिया असतात आणि काळे पट्टे दिसत असतील तर तिथे हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, तो एकदम सुटला तर मासे दगावतात. वरवर फिरवा, बाकीचं काम नॅसॅरियस गोगलगायी आणि किड्यांवर सोडा. पातळ बेडसुद्धा एका वेळी एक तृतीयांशच करा.

तक्रारी म्हणाल तर कॉकच्या आट्यांमध्ये मीठ जमून तो घट्ट होतो, वापरून झाल्यावर दरवेळी गोड्या पाण्याने धुवावाच लागतो. पाणी चालू करायचा रबरी फुगा काही काळाने कडक होतो, पण त्याशिवायही काम अडत नाही. वरच्या जाळीत छोट्या गोगलगायी येऊन बसतात, बादली ओतण्याआधी जाळी आणि गाळ दोन्ही नीट बघा. नॅनो (अगदी छोट्या) टँकवाल्यांनी मात्र मोठी नळी घेऊ नका, वाळू निम्मी साफ व्हायच्या आधीच वॉटर चेंजचं पाणी संपतं, अरुंद नळीचं मॉडेल बघा.